ग्रीन कार्डची रांग जन्मदेशावरून नको

संपादक महोदय,

परदेशात स्थायिक व्हायचं म्हटलं की लोक आधी पगार विचारतात, पण खरा फरक पडतो तो नियमांमुळे आणि त्यावर फारसं कुणी बोलतच नाही. कॅनडात कायमचं राहायला येणाऱ्या कुशल कामगारांसाठी 2015 पासून एक्स्प्रेस एंट्री ही पद्धत आहे, त्यात वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे पॉइंट्स मिळतात, कटऑफ वरखाली होत राहतो हे खरंय पण आपण नेमके कुठे कमी पडतोय ते निदान कळतं, भाषेची परीक्षा परत देऊन स्कोअर वाढवता येतो. ऑस्ट्रेलियातही पॉइंट्सच, किमान 65 लागतात. जर्मनीने तर 2024 मध्ये अपॉर्च्युनिटी कार्ड आणलं, हातात नोकरी नसतानाही तिथे जाऊन वर्षभर शोधता येते.

आता अमेरिका बघा. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यात, कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण 7 टक्केच, मग तो भारतासारखा मोठा देश असो नाहीतर छोटासा आइसलंड! म्हणजे काम तेच, डिग्री तीच, पण जन्म कुठे झाला यावर रांग ठरणार. सगळ्यात जास्त त्रास मुलांना होतो, आईवडिलांसोबत लहानपणी गेलेलं मूल, शाळा कॉलेज सगळं तिथलंच, आणि अर्ज रांगेत अडकलेला असतानाच 21 वर्षांचं झालं की बऱ्याचदा डिपेंडंट म्हणून, म्हणजे आईवडिलांच्या अर्जातून, बादच, मग स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढा नाहीतर देश सोडा. हे अजिबात पटत नाही.

किती लोक घ्यायचे हे त्या देशाने ठरवावं, त्याबद्दल वाद नाहीच. पण ही 7 टक्क्यांची अट काढायला हवी आणि मुलांचं वय अर्ज केला त्या दिवशीचंच धरायला हवं.

– एक वाचक