बूट धुऊन आत आलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

डुकरांना जंताचं औषध दिलं म्हणून कुणी जाहीर आभार मानतं का, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्याआधी जे येऊन गेले ते आठवलं की मानावेच लागतात. नाकाला रुमाल, पाय फाटकाबाहेर आणि तिथूनच निदान. गोळी गाईची, वजन नजरेचं, लहानमोठ्या सगळ्यांना सारखीच मात्रा. पोट सुटलेली, केस राठ झालेली पिल्लं तशीच खोकत राहिली. वर ऐकून घ्यायचं, "डुकरं घाणीतच लोळणार, जंत होणारच!"

तुम्हीही फाटकाशीच थांबलात, तेव्हा वाटलं, हेही त्यातलंच. तर तुम्ही बादली आणि ब्रश मागितला आणि बुटांचे तळ घासून धुतले. आत येण्याआधी! जाताना तर सगळेच धुतात. "दुसऱ्याच्या गोठ्यातली जंतांची अंडी तुमच्याकडे कशाला आणू?" एवढंच म्हणालात. आजवर येणारा प्रत्येक जण स्वतःला काही लागू नये म्हणून जपत होता. आमच्या जनावरांना आपल्यामुळे काही लागू नये म्हणून जपणाऱ्या तुम्ही पहिल्याच. उपचाराची फी देता येते, याचं काय द्यायचं?

निम्मा विषय त्या बादलीतच होता. गोलकृमी या आतड्यातल्या जंताची एक मादी दिवसाला लाखो अंडी घालते. अंड्याचं कवच जाड आणि चिकट, म्हणून ते बुटाला, फावड्याला, डुकरिणीच्या सडांना चिकटून फिरतं आणि ओल्या मातीत काही वर्षं टिकतं. आम्ही फिनेल ओतत होतो. त्याला ते दाद देत नाही. मारते ती उष्णता आणि कोरडेपणा. आधी घाण कोरडीच खरवडायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, मग उकळतं पाणी, आणि कप्पा रिकामा ठेवून कडकडीत वाळू द्यायचा. खरवडण्याआधीच पाणी मारलं की अंडी फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातात. व्यायला आलेली डुकरीण साबणाने धुऊनच विण्याच्या कप्प्यात न्यायची, नाहीतर पिल्लू दुधाबरोबर अंडीही चाटतं.

खोकल्याचा उलगडाही तुम्हीच केलात. अळ्या आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात आणि खोकल्यावाटे गिळल्या जाऊन परत आतड्यात येतात. खोकल्यावर आधी दिलेली अँटिबायोटिक्स वायाच गेली म्हणायची. कापलेल्या डुकराचं यकृत बघायला तुम्ही शिकवलंत: त्यावरचे पांढरे डाग पाचसहा आठवड्यांत विरतात, म्हणजे आज डाग दिसले तर लागण ताजी आहे, मागचं औषध कितीही भारी असो.

आणि औषध नुसतं भारी असून भागत नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यात विष्ठा कालवून, गाळून, पंधरा-वीस मिनिटांनी वर तरंगलेलं काचेवर घेतलंत आणि सूक्ष्मदर्शक आमच्याकडे वळवलात. खडबडीत तपकिरी कवचाची अंडी ती गोलकृमीची. लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच असलेली ती चाबूककृमीची. रक्ताळ हगवणीचं कारण हा चाबूककृमीच. पिपरॅझिन हे जंताचं औषध त्याच्यावर चालत नाही, आयव्हरमेक्टिनचा भरवसा नाही. तिथे फेनबेंडाझोल, किलोमागे ३ मि.ग्रॅ., ओळीने ३ दिवस. खरूज आणि उवाही असतील तर आयव्हरमेक्टिन, पण डुकराला किलोमागे ३०० मायक्रोग्रॅम, गाईला असते त्या २०० नाही. म्हणजे १ टक्क्याचं इंजेक्शन ३३ किलोला १ मि.लि., कानामागे मानेत, कातडीखाली.

तराजू नाही, ही तक्रार तुम्ही टेपने मिटवलीत. पुढच्या पायांमागचा छातीचा घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले कानांच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, गुणिले ६९.३. घेर १ मीटर, लांबी १ मीटर, तर वजन सुमारे ६९ किलो आणि इंजेक्शन २.१ मि.लि. मात्रा कमी पडली की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

खाद्यातून देताना गफलत होते ती गव्हाणीत. दांडगी दुप्पट खातात, किडकी उपाशी राहतात. जंत बहुधा जास्त असतात ते किडक्यांतच. म्हणून आकारानुसार कप्पे वेगळे, सगळ्यांची तोंडं एकदम मावतील एवढी गव्हाण. औषध आधी मूठभर भरड्यात, मग पूर्ण खाद्यात. डुकरिणीला विण्याआधी एकदोन आठवडे, पिल्लांना दूध तोडताना, वाढत्यांना दर पाचसहा आठवड्यांनी, कारण गोलकृमीला अंडी घालायला लागायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधीच त्याला गाठायचं. विकत आणलेलं जनावर औषध देऊन महिनाभर वेगळं. बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय कत्तलीला पाठवायचं नाही, यावर तुम्ही आवाज चढवलात, तेही बरं केलंत.

पोट टच्च झालेल्या अशक्त पिल्लांना घाईने पूर्ण मात्रा दिली, तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो, हे सांगायला तुम्ही रविवारी मुद्दाम फोन केलात. त्या कामाचे पैसे कुणी देत नाही. भली माणसं अशी आडवारीच भेटतात.

नवे नमुने सोमवारी पाठवत आहोत. जमिनीवरून उचललेले नाहीत, थेट जनावराकडून घेतलेले आहेत. प्रत्येक पिशवीवर कप्प्याचा क्रमांक आहे. चौथ्या कप्प्यातला आधी बघाल का? तिथली दोन पिल्लं अजून खोकतात.

आपले,
वराहपालक