ताडपत्रीखालची गुंतवणूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की म्हापसा, पणजी, मडगाव पट्ट्यात जुन्या स्पोर्ट्स कार विक्रीला निघतात. अलीकडे विकणाऱ्याच्या तोंडी एक शब्द हटकून असतो: गुंतवणूक. ‘कमी चाललेली, कायम झाकून ठेवलेली, भाव वाढतच जाणार.’ जहाजावरची कमाई किंवा जमीन विकून आलेला पैसा हाताशी असलेल्या माणसाला हे पटते, म्हणून हे पत्र. गोव्याच्या हवेत ‘कमी चाललेली आणि झाकून ठेवलेली’ हा गाडीचा गुण नसून बहुतेक वेळा तो तिचा आजार असतो, आणि भाव त्या आजाराने पडतो.

जुन्या स्पोर्ट्स कारचे भाव चढतात हे खोटे नाही. १९९८ पर्यंत बनलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोर्शे ९११ चे भाव जगभर चढले. ऑडी आर८ मधल्या हाताने गिअर टाकायच्या गाड्यांना ऑटोमॅटिकपेक्षा जास्त पैसे मिळतात. पण या गाड्या थोड्या बनल्या, आपल्या जातीतल्या शेवटच्या ठरल्या आणि त्यांचे गिऱ्हाईक जगभर पसरलेले आहे. आपल्याकडे वीस ते पन्नास लाखांत समोर येतात त्या पोर्शेच्या बॉक्सस्टर आणि केमन, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके, फोर्ड मस्टँग. बहुतेक ऑटोमॅटिक. पहिल्या पाच-सात वर्षांत त्यांचा भाव कोसळतो, मग काही काळ एका जागी थांबतो. विकणारा या थांबण्यालाच ‘आता चढणार’ म्हणतो.

नुसती दुर्मिळताही पुरत नाही. सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार आपल्या गोव्यातच बनली. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचे १.२ लिटर. आज ती रस्त्यावर दिसणे हाच योग, तरी तिच्यामागे खरेदीदारांची रांग कधी लागली नाही. उलट यामाहा आरएक्स १०० गावोगावी होती, तरी तिचा भाव चढला, कारण तिचे पार्ट मिळतात, ती दुरुस्त करणारा फिटर मिळतो आणि ती हवी असणारी एक पिढीच्या पिढी आहे.

आता हिशेब. आकडे गृहीत आहेत, ज्याने-त्याने आपले घालावेत. गाडी ४० लाखांची. पाच वर्षांचा विमा ४ लाख, सर्व्हिस आणि दुरुस्ती ७.५ लाख, एक टायरचा सेट दीड लाख, परराज्यातली गाडी असेल तर इथला कर आणि नोंदणी मिळून ४ लाख. झाले १७ लाख. तेच ४० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले आणि व्याजावर ३० टक्के कर भरला, तरी पाच वर्षांनी ५०.८ लाख होतात. म्हणजे गाडी ६७.८ लाखांना गेली तरच बरोबरी. त्यासाठी भाव दरवर्षी सुमारे ११ टक्क्यांनी, पाच वर्षे न थांबता चढायला हवा. आयकरात स्वतःच्या वापराची मोटार ही भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे नफ्यावर कर नाही, हे विकणारे आवर्जून सांगतात. त्याच नियमाने तोटाही दुसऱ्या कोणत्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे मात्र सांगत नाहीत.

शिवाय आपल्याकडे आयात गाडीच्या किमतीत मोठा वाटा कराचा असतो, आणि कर सरकारच्या हातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी अधिभारासकट ५० टक्क्यांपर्यंत होता तो सरसकट ४० झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच दिवशी उतरतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तिथल्या मोटारींवरचे आयात शुल्क, ठरलेल्या संख्येपुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायची तरतूद आहे. जुनी जॅग्वार किंवा लोटस ‘पुढे महाग होईल’ म्हणून घेणाऱ्याने एवढे तरी वाचावे.

पण गोव्यात खरा घात करतो तो पावसाळा. जून ते सप्टेंबर गाडी पोर्चमध्ये, वर प्लॅस्टिकची ताडपत्री. ताडपत्री पाऊस अडवते आणि जमिनीतून वर येणारी वाफही आत कोंडते. महिन्याभरात चामड्याच्या सीटवर बुरशी, ब्रेकच्या डिस्कवर तांबडा थर, आणि हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर पॅड चिकटलेले. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला गंजून धरते तेव्हा गिअरबॉक्स उतरवायची पाळीही येऊ शकते. कळंगुट, कांदोळी, कोलव्याच्या बाजूला खारा वारा ॲल्युमिनियमलाही सोडत नाही: चाकांच्या कमानीवर आणि दरवाजाच्या कडेला रंगाखाली बारीक फोड येतात. तिथे नुसता रंग मारला तर सहा महिन्यांत ते पुन्हा वर.

बॉक्सस्टरचेच बघा. कापडी छप्पर मिटते तिथे दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या आहेत. गाडी आंब्या-फणसाखाली उभी राहिली की पानांचा चोथा त्यांत बसतो, पाणी उलटे फिरते आणि सीटखाली गालिच्यात मुरते. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये किल्ली ओळखणारा आणि सेंट्रल लॉक चालवणारा कंट्रोल बॉक्स नेमका सीटखाली बसवलेला आहे. तो भिजला की गाडी किल्लीलाच ओळखत नाही, चालू होत नाही. ही नळी साफ करायला दाबाची हवा जोराने मारू नये, गाडीतली नळी सांध्यातून सुटते. मऊ नायलॉनची तार हळू फिरवावी आणि कपभर पाणी ओतून ते खाली पडते का बघावे. या पोर्शेंच्या पुढच्या बंपरच्या भोकांतही पाने आणि तांबडी माती साचते. त्याच्या मागेच रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर. ओला चोथा लागून ते खालच्या कोपऱ्यात सडतात, आणि ‘एसीत फक्त गॅस भरायचा आहे’ असे सांगून गाडी विकली जाते.

पाऊसभर गाडी ठेवायचीच असेल तर कोरड्या बंद खोलीत, सुती कव्हरखाली, हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५०-५५ टक्क्यांच्या आसपास राखावी. बॅटरीला कायम मेंटेनर, म्हणजे चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर. हँडब्रेक सोडून चाकांना ओंडके लावावेत आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी, म्हणजे खालचा भाग चपटा होत नाही. पेट्रोल टाकी भरलेली ठेवावी: ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप-सील ई-२० साठी बनलेलेही नाहीत. ब्रेक ऑइलचे तेच. डॉट-४ ऑइल नवे असताना किमान २३० अंशांना उकळायला हवे, ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ पर्यंत खाली येते. बाकी ठिकाणी ते दोन वर्षांनी बदलतात, इथे दरवर्षी बदललेले बरे. आणि उंदरांकडे लक्ष. पावसात त्यांना इंजिनाइतकी ऊबदार जागा दुसरी नाही.

रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवायची पद्धत तर गाडी न चालवण्यापेक्षाही वाईट. इंजिन पुरते तापत नाही, आत धरलेले पाणी ऑइलमध्ये मिसळते. गाडी बघायला गेलात तर ऑइलचे झाकण उघडून आतल्या बाजूवर बोट फिरवा. लोण्यासारखा पिवळट थर लागला तर ‘रोज चालू करतो हां’ याचा अर्थ कळतो. पंधरा दिवसांनी एकदा, पण २५-३० मिनिटे रस्त्यावर, ऑइल ९० अंशांच्या आसपास जाईपर्यंत गाडी चालली पाहिजे.

‘कमी चाललेली’ म्हणून पोर्शे घेताना आणखी एक गोष्ट. १९९७ ते २००८ च्या बॉक्सस्टर, केमन आणि ९११ मधल्या एम९६, एम९७ इंजिनांत आयएमएस (इंटरमीडिएट शाफ्ट) नावाच्या, टायमिंगच्या चेन फिरवणाऱ्या शाफ्टला मागे एक बेअरिंग आहे. ते फुटले की चेनचे टायमिंग सुटते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. उभ्या गाडीत ओलावा आणि जुने ऑइल या बेअरिंगला खातात. सुमारे २००५ पर्यंतच्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवून ते बदलता येते, त्याच वेळी क्लच आणि इंजिनाचा मागचा सील करून घ्यावा. त्यानंतरचे बेअरिंग मोठे आणि दणकट आहे, पण पूर्ण इंजिन खोलल्याशिवाय बाहेर येत नाही. ९११ टर्बो आणि जीटी३ ची इंजिने वेगळी, त्यांना हा रोग नाही, आणि २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत हे बेअरिंगच नाही. तपास सोपा: ऑइल फिल्टर बदलायला लावा, जुना फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उन्हात उघडून बघा. धातूची चमक दिसली तर तिथूनच परत फिरा. ३.४ ते ३.८ लिटरच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. ९११ च्या दोन सायलेन्सरांपैकी एकाच्याच तोंडाशी काजळी जास्त असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर प्लग काढून कॅमेरा आत घातल्याशिवाय व्यवहार करू नये.

मीटर मागे फिरवणे सोपे, पण इंजिनाचा संगणक किती तास चालला याची नोंद पोर्शेमध्ये स्कॅनरवर निघते. किलोमीटरला तासांनी भागा. मीटरवर २४,००० आणि तास १,९०० असतील तर सरासरी वेग ताशी साडेबारा किलोमीटर येतो. बेंगळुरूच्या गर्दीतही स्पोर्ट्स कार इतकी रांगत नाही. त्याच अहवालात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले तेही टप्प्याटप्प्याने दिसते. वरच्या टप्प्यांत आकडे असतील तर कोणी तरी चुकून खालचा गिअर टाकला आहे. टीटीच्या ओल्या क्लचच्या सहागतीच्या गिअरबॉक्समध्ये दर ६०,००० किलोमीटरला पाच-साडेपाच लिटर ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो. त्याचे बिल नसेल तर मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.

पत्रा तपासायला रंगाची जाडी मोजायचे यंत्र घ्या, मात्र ॲल्युमिनियमवर चालणारे, नाही तर टीटी आणि आर८ वर ते गप्प बसते. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या वर गेले की खाली पुट्टी. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथे राहते. गालिच्याखालचा फोम दाबा, वायरच्या जोडण्यांवर हिरवट गंज आहे का बघा. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी ते रबर आता दगड झाले आहे आणि ओल्या रस्त्यावर पकडणार नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने असल्याने तिथल्या गाड्या स्वस्तात खाली येतात. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर जीए नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५ आणि बँकेचे पत्र. चॅसिसचा पेन्सिल ठसा स्वतःसमोर घ्या, नोंदणीशी एकेक अक्षर जुळवा. १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला आयात मोटारीचे शुल्क ४० हजार रुपये आहे, २० वर्षांवर ८० हजार. ‘क्लासिक’ म्हणवणारे हा आकडा क्वचितच बोलतात. आणि व्हिंटेजची सवलत ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे, २००५ च्या बॉक्सस्टरला नाही.

एवढे करूनही कोणाला घ्यायचीच असेल, तर हाताच्या गिअरची, पूर्ण सर्व्हिस बिलांची, पहिल्याच रंगातली आणि नेमाने चाललेली घ्यावी, जरी मीटरवर साठ हजार असले तरी. हौसेला मोल नसते, फक्त तिला गुंतवणुकीच्या खात्यात लिहू नये. विमा घेताना एक लक्षात ठेवा: पाच वर्षांपर्यंत गाडीची विमा-किंमत ठरलेल्या तक्त्याने घटते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला निम्मीच. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा मूल्यांकनाचा लेखी अहवाल जोडून आकडा पॉलिसीवर लिहून घ्या, आणि पाणी शिरून इंजिन अडकल्यास भरपाई देणारे कलम जूनच्या आधी घ्या. विकायची झाली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे उजाडला की मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक भाव पाडूनच बोलते, कारण पुढचे चार महिने ती गाडी कुठे उभी राहणार हे त्यालाही माहीत असते.

आपला,
जुन्या मोटारी तपासण्याच्या व्यवसायातील एक वाचक, फोंडा