कार्ड हरवल्यास करावयाच्या कार्यवाहीबाबत सूचना

शेतकरी गटातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, सध्या कापसाचे चुकारे खात्यात जमा होत असल्याने, एटीएम किंवा किसान क्रेडिट कार्ड आठवडी बाजारात, एसटीत वा अन्यत्र हरवल्याचे लक्षात येताच, शाखा उघडण्याची वाट न पाहता बँकेच्या चोवीस तास सुरू असणाऱ्या क्रमांकावर फोन करून ते बंद करून घ्यावे व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. बँकेचा हा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो, पण कार्डच गेल्यावर तो मिळणार कसा? म्हणून तो आजच पासबुकावर उतरवून घ्यावा. इंटरनेटवर सापडणाऱ्या क्रमांकांत फसवेही असतात.

कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिण्याची आपल्याकडील सवय कृपया सोडावी, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते. कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे असते. रक्कम गेली असल्यास १९३० या सरकारच्या सायबर फसवणूक तक्रार क्रमांकावरही लगेच तक्रार नोंदवावी.

ज्या वडीलधाऱ्या सदस्यांना फोनवर बोलणे जमत नाही, त्यांनी संकोच न करता रात्री-अपरात्रीही माझ्याकडे यावे, मात्र पिन मलाही सांगू नये.

— सचिव