जुन्या ब्रिटिश गाड्या आणि घरी येणारे मेकॅनिक

महोदय,

ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का, हे पाहणारी सक्तीची चाचणी) सूट मिळाल्यामुळे, एमजीबीसारख्या स्पोर्ट्‌स कारची देखभाल मालकाच्या दारात येऊन करणाऱ्या फिरत्या मेकॅनिकवरच आता सुरक्षिततेची बरीचशी भिस्त आहे. इंजिनात हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या तेलाच्या कप्प्यात) तेल घालणे, दोन्हींत शिरणाऱ्या हवेचा आवाज नळीला कान लावून ऐकत ती सारखी करणे, पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस देणे ही कामे अंगणात उत्तम होतात. (१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे ऋण नव्हे, तर धन टोक बॉडीला जोडलेले असते, एवढे मात्र मेकॅनिकला ठाऊक हवे!) परंतु तळाचा गंज नीट पाहण्यासाठी गाडी लिफ्टवरच चढवावी लागते, म्हणून सूट असली तरी मालकांनी स्वेच्छेने एमओटी करून घ्यावी.

– एक वाचक, लंडन