मीनल, तुझ्या मायग्रेनबद्दल

प्रिय मीनल,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, "बाबांना झालं, आता दादाला, आमच्याकडे हे पुरुषांनाच होतं गं", ते मला तेव्हाच खटकलं होतं पण तू रडत होतीस म्हणून काही बोलले नाही, आता लिहितेय, नीट वाच.

दादाच्या रिपोर्टमध्ये कॅडासिल आणि नॉच-३ असं लिहिलंय ना, कॅडासिल म्हणजे घराण्यात चालत येणारा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि नॉच-३ म्हणजे ज्या जीनमधल्या बिघाडाने तो होतो तो, हा जीन १९ नंबरच्या क्रोमोझोमवर असतो, मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या एक्स-वायशी त्याचा काहीच संबंध नाही. त्यातला बिघाड बाबांकडून दादाला यायची शक्यता जेवढी होती तेवढीच तुला, ५० टक्के. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती त्याने हळूहळू खराब होत जातात, बाईच्या असोत की पुरुषाच्या.

फरक पडतो तो आजार दिसतो कसा यात. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी या आजाराच्या ३०० च्या वर पेशंट्सचा अभ्यास छापला, त्यात ५१ वर्षांच्या आतल्या पुरुषांमध्ये स्ट्रोक जास्त होते आणि त्याच वयाच्या बायकांमध्ये ऑरावालं मायग्रेन जास्त. म्हणजे डोळ्यापुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा, हाताला मुंग्या, बोलताना शब्द न सापडणं आणि मग डोकं ठणकणं. मीनल, हे तू मला किती वर्षं सांगतेयस आणि प्रत्येक वेळी तुला टेन्शन आहे, हार्मोन्स आहेत, झोप घे एवढंच ऐकायला मिळालं, मला याचा खरंच राग येतो. भावाला स्ट्रोक आला की सगळं घर धावतं आणि बहिणीच्या डोकेदुखीला कोणी विचारत नाही.

तुला हे असेलच असं मी म्हणत नाहीये हं, साधं मायग्रेन पण खूप बायकांना असतं. पण घरात हा जीन सापडलाय आणि तुला ऑरा येतो, तेव्हा न्यूरोलॉजिस्टला दोन्ही एकत्र सांगायलाच हवं. मायग्रेनच्या गोळ्या घेतेस त्या पण दाखव, ट्रिप्टान जातीच्या औषधांनी रक्तवाहिन्या आकसतात. आणि इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या, ऑरा असलेल्या बाईला त्यांनी स्ट्रोकचा धोका तसाही वाढतो, त्याबद्दल विचारायला लाजू नकोस.

दादाचं बघून तुझंही तसंच होणार असं मात्र मनात धरू नकोस. २००४ च्या जर्मन अभ्यासात मृत्यूचं मधलं वय पुरुषांचं ६५ च्या आसपास आणि बायकांचं ७१ च्या आसपास होतं, आणि चालणं बंद व्हायची वेळही बायकांवर उशिरा आली. बाईच्या शरीरातलं स्वतःचं इस्ट्रोजेन काही वर्षं सांभाळून घेत असावं असं संशोधकांना वाटतं. दादाला सिगारेट मात्र सोडायलाच लाव, कॅडासिलमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना स्ट्रोक लवकर येतो, आणि त्याचं बीपी कोणीतरी रोज बघा.

टेस्ट करायची की नाही हे तू ठरव. आजार थांबवणारं औषध आज नाहीये, त्यामुळे बरेच लोक नको म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोल. पोरींची टेस्ट आत्ता कोणी सांगितली तरी करू नकोस, मोठेपणी त्यांचं त्या ठरवतील.

जाताना दादाच्या जीन रिपोर्टची कॉपी आणि एमआरआय घेऊन जा, त्यात नेमका कोणता बदल आहे ते लिहिलेलं असतं, तुझ्यात मग तेवढाच शोधता येतो. तारीख मिळाली की कळव, मी येतेय तुझ्याबरोबर.

तुझीच,
शुभा