मधुमेह नसताना मेटफॉर्मिन कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी ‘वय रोखणारी’ म्हणून समाजमाध्यमांत आणि अधूनमधून आरोग्य पुरवण्यांतही झळकते. ते वाचून साखर नॉर्मल असलेले साठीपुढचे लोकही औषधाच्या दुकानातून पाचशे मिग्रॅची पट्टी आणतात. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे आहे, पण चिठ्ठी मागतो कोण? या दाव्यामागे विज्ञान नाही असे नाही, मात्र ते अर्ध्यावर सोडून सांगितले जाते.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाघरांत अन्नापासून एटीपी, म्हणजे पेशीची खर्चायची ऊर्जा, तयार होते. या साखळीचा पहिला टप्पा (कॉम्प्लेक्स-१) मेटफॉर्मिन काही प्रमाणात अडवते, असे त्याच्या कामाचे मुख्य स्पष्टीकरण आहे. एटीपी घटले, त्याच्या खर्चातून उरणारे एएमपी वाढले की एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि वाढीचा हुकूम सोडणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला आवरते. पेशी नवे बांधकाम थांबवून आतली मोडतोड साफ करू लागते. उपासात होते तसेच हे. एमटॉर दाबल्याने आयुष्य वाढते, याला प्राण्यांत आधार आहे. अमेरिकेत तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचणीत ६०० दिवस वयाच्या, म्हणजे उतारवयातल्या, उंदरांना एमटॉर दाबणारे रॅपामायसिन हे औषध दिले, तर तेही जास्त जगले (२००९). पण त्याच चाचणीत एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्यात दखल घ्यावी एवढी वाढ झाली नाही (२०१६). हा दुसरा निकाल सहसा छापून येत नाही.

माणसांबद्दल हवाला दिला जातो तो २०१४ च्या ब्रिटिश नोंदींचा. त्यात मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगताना दिसले. गोम अशी की, औषध बदलावे लागलेल्या रुग्णाची गणती तिथेच थांबवली होती. म्हणजे ज्यांचा आजार बळावला ते हिशेबातून गळाले आणि बरे चाललेले तेवढे उरले. डेन्मार्कच्या देशव्यापी नोंदींवरून २०२२ मध्ये हीच तुलना पुन्हा झाली, तेव्हा तो फायदा दिसला नाही.

खरी अडचण स्नायूंची आहे. व्यायामानंतर स्नायू भरतो तो एमटॉरच्याच जोरावर, आणि हे औषध त्यालाच आवरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांपुढच्या निरोगी लोकांकडून १४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. रोज १७०० मिग्रॅ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. ताकदीत मात्र ठळक फरक नव्हता, हेही सांगायला हवे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत १२ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनात होणारी वाढ या औषधाने बोथट केली. ज्या कारणासाठी माणूस गोळी घेतो, त्याच कारणासाठी तो सकाळी टेकडी चढतो, आणि इथे एक दुसऱ्याला मारक ठरू शकते. सूक्ष्म कृमींवरच्या २०२० च्या प्रयोगात तर तरुण कृमी मेटफॉर्मिनने जास्त जगले आणि म्हातारे लवकर मेले. म्हाताऱ्या पेशीचे मायटोकॉन्ड्रिया आधीच थकलेले असतात. त्यात आणखी अडवणूक झाली की घटलेले एटीपी तिला दुसऱ्या वाटेने भरून काढता येत नाही.

आपल्याकडे हे जास्त जपून घ्यायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले २००४ चे ते चित्र प्रसिद्ध आहे. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाकडे स्नायूंची शिल्लकच तुटपुंजी असते. त्यात बी-१२ची भर. पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांच्या पाहणीत (२००६) ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी होते. मेटफॉर्मिन लहान आतड्यातून या जीवनसत्त्वाचे शोषण घटवते. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता काही वर्षांनी उघडी पडते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा. घरचे म्हणतात, वयच झाले!

प्रीडायबेटिसमध्ये, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाइतकी नाही अशा अवस्थेत, गोळी घ्यावी का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न. तिथेही मधुमेह टाळण्यासाठीच्या अमेरिकी ‘डीपीपी’ चाचणीत साठीपुढच्या गटात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ७१ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनचा परिणाम नगण्य राहिला. चेन्नईच्या २००६ च्या भारतीय चाचणीत व्यायाम-आहाराला मेटफॉर्मिनची जोड देऊन वेगळा फायदा मिळाला नाही.

मधुमेहासाठी हे औषध चालू असलेल्यांनी मात्र या पत्रामुळे ते बंद करू नये. त्यांच्यासाठी ते उत्तमच आहे. फक्त वर्षातून एकदा बी-१२ आणि (मूत्रपिंडासाठी) क्रिएटिनिन तपासावे. बी-१२ दर मिलिलीटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आले तर डॉक्टरांशी बोलावे. नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये, त्याने रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी चालूच राहते. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळणक्षमता) ४५ च्या खाली असेल तर नव्याने सुरू करत नाहीत, ३० च्या खाली पूर्ण बंद. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले किंवा सीटी स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारे द्रव्य) देणार असतील, तर गोळी चालू असल्याचे आधी सांगावे, कारण मूत्रपिंड मंदावले की औषध साचते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते.

अशा बातम्या छापताना प्रयोग कोणावर झाला, त्यांचे वय काय आणि डोस किती, एवढे तीन तपशील आपण मथळ्याखालीच द्यावेत, ही विनंती.

आपले,
शरीरक्रियाशास्त्र व औषधशास्त्राचे दोन निवृत्त अध्यापक, पुणे