वकीलकाका, तुमची फी राहिली आहे

ती. वकीलकाका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही ते न वाचताच कुठल्यातरी फायलीत सरकवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या लोकांना नाव न घालताही कळेल कोण ते.

31 जुलै 2019 चा पाऊस बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. एका दिवसात वीस इंचांच्या आसपास. विश्वामित्री नदीकडच्या गोदामात बाबांनी लग्नसराईसाठी उधारीवर कागद भरला होता. रिमच्या रिम फुगून बसल्या. छापखाना तसाही रडतखडत चालला होता, पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या होत्या. पुढच्या वर्षी बाबा गेले आणि तेरावं होऊन महिना होतो न होतो तोच कागदाच्या व्यापाऱ्याची नोटीस आली. 1 लाख 98 हजार.

तुम्ही ती दोनदा वाचलीत, एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि म्हणालात, "बाबांच्या मालमत्तेतून तुझ्या हातात जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच तू देणं लागतेस. त्यापुढे एक रुपया नाही." दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 50 आणि 52 काढून दाखवलीत. पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानून कोर्ट त्याच्याकडून वसूल करायचं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आणि त्याच दुरुस्तीत नव्या कर्जांपुरतं हे ओझंही उतरवलं, हे सांगताना तुम्ही हसलात. मला हसू येण्यासारखी स्थिती नव्हती.

हातात आलं होतं काय? एक ऑफसेट मशीन आणि छपाईच्या अक्षरांचे शिशाचे जुने खिळे. भंगारात मिळून 38 हजार.

"म्हणजे बाकीचं सोडून द्यायचं?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कायदा एवढंच सांगतो," आणि स्कूटर काढायला बाहेर पडलात. अरविंद निवासाच्या फाटकापाशी थांबलात. ती गोष्ट तुम्ही उभ्या उभ्या सांगितलीत, मागून रिक्षावाले हॉर्न देत होते.

1893 ते 1906 अरविंद घोष बडोद्यात होते, कॉलेजात शिकवत, मराठीही शिकले, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण अलीपूर बाँबखटल्यात त्यांना सोडवणाऱ्या वकिलाचा विचार मी कधी केला नव्हता. बचावासाठी जमवलेले पैसे संपत आले, तेव्हा चित्तरंजन दासांनी खटला हाती घेतला. दोनशेहून जास्त साक्षीदार, चार हजारांवर कागदपत्रं. दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून ते यातच बुडाले आणि 6 मे 1909 ला अरविंद सुटले. समोर बसलेले न्यायाधीश बीचक्रॉफ्ट हे अरविंदांबरोबर आयसीएसच्या परीक्षेला बसलेले, आणि ग्रीकमध्ये त्यांच्या मागे पडलेले! हे सांगताना तुमचे डोळे चमकले होते.

पण तुम्हाला सांगायचं होतं ते वेगळंच. हा खटला लढवताना दास स्वतः दिवाळखोर होते. वडील भुवनमोहन सॉलिसिटर. हात सैल, कर्ज डोंगराएवढं. 1906 मध्ये बाप-लेकांनी मिळून कोर्टात दिवाळखोरी मागितली. तिथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. वकिली चालायला लागल्यावर दासांनी एकेक घेणेकरी शोधून सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि 1913 मध्ये दिवाळखोरीचा शिक्का पुसून घेतला. कुणी मागितलं नव्हतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "पण ते बॅरिस्टर होते. तू शाळेत शिकवतेस. आधी आईची औषधं, घराचं भाडं, मग उरलं तर बघ. गोष्ट ऐकून सही करू नकोस." खरं सांगू? दासांच्या गोष्टीपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

महिनाभर हिशेब केला आणि मग मीच तुमच्याकडे आले. तुम्ही व्यापाऱ्याला बोलावून समोरासमोर बसवलंत, व्याज काढून टाकायला लावलंत. 38 हजार रोख, उरलेल्या 1 लाख 60 हजारांचे चार-चार हजारांचे 40 हप्ते. तो माणूस चहा पिऊन गेला तेव्हा मला तो अजिबात दुष्ट वाटला नाही. त्याचाही कागदच भिजला होता की.

मधल्या काळात मी दासांबद्दल पुढचं वाचलं. 1924 मध्ये ते कलकत्त्याचे पहिले महापौर झाले, मोठी मिळकत देणारी वकिली सोडून तीन-चार वर्षं झाल्यानंतर. कार्यकारी अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षांच्या सुभाषबाबूंना घेतलं. सुभाषबाबूंनी 3000 पगारातले निम्मेच घेतले. फुकट प्राथमिक शिक्षण, गरिबांना औषधपाणी, स्वस्त आणि निर्भेळ दूध अशी कामं धरली होती. ऑक्टोबरात सुभाषबाबूंनाच सरकारने उचललं, आणि 16 जून 1925 ला दार्जिलिंगला दास गेले. महापौरपद जेमतेम चौदा महिने. त्यांच्या महापौरकीचं कौतुक करणाऱ्यांनी हा काळ जरा जपून मोजावा असं मला वाटतं. कामं सुरू झाली होती, पुरी व्हायची होती. राहतं घर मात्र त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं, तिथे पुढे बायकांसाठी दवाखाना झाला. देणं चुकवण्याची सवय लागली की माणूस थांबत नसावा.

गेल्या सोमवारी चाळिसावा हप्ता दिला. व्यापाऱ्याने खातेवहीतलं बाबांचं पान काढलं, आडवी रेघ मारली आणि पान फाडून माझ्या हातात ठेवलं. बाबांची सही निळ्या शाईत आहे, एका कोपऱ्यात चहाचा डाग.

आता एकच देणं राहिलं. नोटिशीला उत्तर, दोन बैठका, टायपिंगचा खर्च. विचारलं की तुम्ही स्कूटर सुरू करता. शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन येते आहे. दुलीरामचे पेढे आणते, साखर वाढलीय म्हणून काकूंनी ओरडू नये. आकडा सांगून ठेवा. हप्ते पाडून दिलेत तरी चालेल.

तुमची,
छापखान्यातली मुलगी